दोन राजधान्यांच्या मधली माणसं

कोलंबियाच्या विसाव्या शतकातल्या राजकारणाला वळण देणारा करार कोलंबियात झाला नाही, स्पेनच्या समुद्रकिनाऱ्यावर झाला. १९५३ साली जनरल गुस्ताव्हो रोहास पिनिया यांनी लष्कराच्या बळावर सत्ता घेतली आणि अध्यक्ष लाउरेआनो गोमेस यांनी स्पेनचा आसरा घेतला. गोमेस हे कॉन्झर्व्हेटिव्ह पक्षाचे कडवे पुढारी. त्यांचा पक्ष आणि लिबरल पक्ष यांच्या वैरात तेव्हा खेडीच्या खेडी उजाड होत होती. अशा गोमेसांना भेटायला लिबरल नेते आल्बेर्तो येरास कामार्गो स्पेनला गेले. जुलै १९५६ मध्ये बेनिदोर्म या गावी पहिलं निवेदन निघालं, जुलै १९५७ मध्ये सित्जेस इथे करार झाला. अध्यक्षपद दोन्ही पक्षांनी आळीपाळीनं घ्यायचं, सरकारी जागा निम्म्या-निम्म्या वाटायच्या, असं ठरलं. १९५८ ते १९७४ अशी सोळा वर्षं देश या वाटणीवर चालला. ज्यांना वाटणीत जागा नव्हती, त्यांच्यातल्या काहींनी याच काळात जंगलात जाऊन बंदुका उचलल्या.

मी स्थलांतराचं राजकारण शिकवते, आणि कोलंबियाचा विषय नेहमी इथूनच सुरू करते. देश सोडून गेलेला माणूस कोलंबियात कधीच राजकारणाबाहेरचा मानला गेला नाही, हे त्यामुळे विद्यार्थ्यांच्या आधीच लक्षात येतं. पुढाऱ्यासाठी परदेश ही वाट पाहण्याची जागा होती. तिथून तो परत येऊन सत्तेवर बसू शकत होता. त्याच्यामागून गेलेल्या शेतमजुराला, शिंप्याला, शिक्षिकेला मात्र परदेशात गेल्यावरही आपल्या देशाच्या भांडणांतून सुटका मिळाली नाही. बोगोटाचं कुठल्याही राजधानीशी बिनसलं की त्याचा पहिला फटका त्या दुसऱ्या देशात पोट भरणाऱ्या कोलंबियन माणसाला बसतो. साठ वर्षांचा हा इतिहास वाचताना मला सर्वांत जास्त हेच टोचत आलं आहे.

आज देशाबाहेर किती कोलंबियन आहेत? २००५ च्या जनगणनेवरून केलेला अंदाज तेहेतीस लाखांचा होता. २०१२ च्या सुमारास परराष्ट्र मंत्रालय सत्तेचाळीस लाख म्हणत होतं. आकडा त्यानंतर वाढलाच आहे. देशाची लोकसंख्या पाच कोटींच्या थोडी वर, म्हणजे साधारण दर दहा माणसांमागे एक बाहेर. अमेरिका, स्पेन आणि व्हेनेझुएला या तीन देशांत त्यांतले बहुतेक जण विखुरले. त्यांनी घरी पाठवलेला पैसा २०२४ मध्ये जवळपास बारा अब्ज डॉलर भरला. कोलंबिया म्हटलं की आपल्याला कॉफी आठवते. कॉफीच्या निर्यातीतून देशाला मिळतं त्याहून ही रक्कम कितीतरी जास्त आहे.

पैशाच्या आधी त्यांना मत मिळालं, ही गोष्ट फार थोड्या देशांत घडली आहे. १९६१ च्या कायद्यानं परदेशातल्या कोलंबियन नागरिकाला मताचा हक्क दिला आणि १९६२ च्या अध्यक्षीय निवडणुकीत वकिलातींमध्ये पेट्या ठेवल्या गेल्या. १९९१ च्या नव्या राज्यघटनेनं दुहेरी नागरिकत्व मान्य केलं. त्यासाठी न्यूयॉर्कमधल्या कोलंबियन मंडळींनी बराच पाठपुरावा केला होता. शिवाय प्रतिनिधिगृहात परदेशस्थांसाठी वेगळ्या मतदारसंघाची सोय त्याच घटनेनं केली. आपल्याकडे परदेशी राहणाऱ्या भारतीय नागरिकाला मतदार यादीत नाव घालता येऊ लागलं २०११ पासून, आणि आजही मत द्यायला त्याला स्वतःच्या मतदारसंघात हजर व्हावं लागतं. दुहेरी नागरिकत्व तर आपली घटना मानतच नाही. म्हणून कागदावर पाहिलं तर कोलंबिया या बाबतीत आपल्या पन्नास वर्षं पुढे आहे.

कागदावरून नजर काढून न्यूयॉर्कच्या जॅक्सन हाइट्समध्ये जाऊ. न्यूयॉर्क-न्यू जर्सीतल्या मराठी माणसाला ही वस्ती सांगावी लागत नाही. डाळी-पिठं, साड्या, सोनं, मिठाई यांच्यासाठी ७४ व्या रस्त्यावर तो कधी ना कधी आलेलाच असतो. तिथूनच रूझवेल्ट अव्हेन्यूवरून, डोक्यावर सात नंबरची गाडी धडधडत असताना, आठ-दहा रस्ते पुढे गेलं की पाट्या बदलतात. चीज घातलेल्या पानदेबोनोचा वास येतो, पैसे पाठवणाऱ्या दुकानांवर काली आणि मेदेयीन या कोलंबियन शहरांची नावं दिसतात. साठच्या दशकापासून कोलंबियन इथे राहायला येत गेले. वीस जुलैच्या स्वातंत्र्यदिनाच्या आसपास जवळच्या फ्लशिंग मेडोज उद्यानात पिवळ्या फुटबॉल जर्सींचा पूर येतो. इथलं कोणीही म्हणेल, किती एकोप्यानं राहतात ही माणसं.

तसं नाही. मूळचे कोलंबियाचे समाजशास्त्रज्ञ लुइस एदुआर्दो ग्वार्निसो यांनी १९९९ मध्ये सहकाऱ्यांसह न्यूयॉर्क आणि लॉस एंजेलिसमधल्या कोलंबियन लोकांविषयी जे लिहिलं, ते या क्षेत्रात आजही पायाभूत मानतात. आपल्याच माणसाविषयीचा अविश्वास आणि तुकड्यांत वाटली गेलेली आपुलकी हे या समाजाचं वैशिष्ट्य त्यांनी दाखवलं. डोमिनिकन लोकांची गावमंडळं, पक्षशाखा, क्लब न्यूयॉर्कमध्ये दाटीनं उभे राहिले. कोलंबियन लोकांची मंडळं मात्र उगवली आणि फुटली. याचं कारण शोधायला लांब जावं लागत नाही. सत्तर आणि ऐंशीच्या दशकांत कोकेनचा व्यापार याच गल्ल्यांतून चालला. १९९२ मध्ये क्वीन्समधल्या एका रेस्टॉरंटमध्ये मान्वेल दे दिओस उनान्वे या पत्रकाराला कालीच्या टोळीच्या हुकमावरून गोळी घालण्यात आली. तो या टोळ्यांविषयी नावानिशी लिहीत असे. अशा वस्तीत शेजाऱ्याच्या नव्या गाडीविषयी कोणी विचारत नाही, आणि आपल्या गावाचं नावही पहिल्या भेटीत सांगत नाही. शिवाय प्रत्येक जण देशातल्या युद्धाची कुठली ना कुठली बाजू बघून आलेला. एकाच्या भावाला गनिमांनी पळवलेलं, दुसऱ्याच्या मुलाला निमलष्करी टोळीनं मारलेलं, तिसऱ्याच्या नवऱ्याला लष्करानंच उचललेलं. हे तिघं एका मंडळाच्या सतरंजीवर कसे बसणार?

तिथे घरकाम करणाऱ्या एका बाईंनी मला सांगितलं होतं, की वीस वर्षांत त्यांनी आपलं राजकीय मत फक्त बहिणीला सांगितलं, तेही फोनवर नाही, समोरासमोर. मत देण्याचा हक्क त्यांना न्यूयॉर्कला पोहोचायच्या कितीतरी आधीपासून होता. त्यांनी तो कधीही वापरला नव्हता.

स्पेनची कहाणी वेगळी, आणि माझ्या मनाच्या जास्त जवळची. ती परेइरा आणि आर्मेनिया या कॉफीच्या पट्ट्यातल्या शहरांपासून सुरू होते. जुलै १९८९ मध्ये आंतरराष्ट्रीय कॉफी करारातली कोट्याची पद्धत मोडली आणि भाव कोसळले. एक-दोन हेक्टरवर कॉफी काढणारी कुटुंबं उघड्यावर आली. पुढच्या दहा वर्षांत संकटं एकावर एक चढत गेली. २५ जानेवारी १९९९ ला आर्मेनिया भूकंपानं हादरलं, हजाराहून जास्त माणसं गेली. त्याच वर्षी देशाची अर्थव्यवस्था चार टक्क्यांहून अधिक आकसली. अध्यक्ष आंद्रेस पास्त्राना तेव्हा काग्वानच्या परिसरात फार्क या गनिमी संघटनेशी बोलणी करत होते आणि बाहेर अपहरणं चालूच होती. स्पेनला जायला व्हिसा लागत नव्हता. भाषा आपली, धर्म आपला, विमानाच्या तिकिटापुरते पैसे उसने मिळत होते. बायका आधी गेल्या, कारण माद्रिदमध्ये म्हाताऱ्यांची शुश्रूषा करणारी आणि घर सांभाळणारी माणसं हवी होती. मुलं आज्यांकडे राहिली. परेइरात या आज्यांशी बोलताना एक गोष्ट ठळक दिसते. त्यांना युरोचा भाव, टपालाचे दिवस आणि स्पेनमधल्या नियमांतले बदल यांची जेवढी अचूक माहिती असते, तेवढी कित्येक अधिकाऱ्यांना नसेल.

मग २००१ मध्ये युरोपीय संघानं ठरवलं की कोलंबियनांना व्हिसा लागेल. गाब्रिएल गार्सिया मार्केस, चित्रकार फेर्नान्दो बोतेरो, कवी-कादंबरीकार आल्वारो मुतिस आणि इतरांनी स्पेनचे पंतप्रधान होसे मारिया आस्नार यांना जाहीर पत्र लिहिलं. हा अपमान असेपर्यंत आपण स्पेनमध्ये पाय ठेवणार नाही असं कळवलं. गार्सिया मार्केस स्वतः १९८१ मध्ये अटकेच्या भीतीनं बोगोटातल्या मेक्सिकोच्या वकिलातीत आसऱ्याला गेले होते आणि पुढे त्यांचं बिऱ्हाड मेक्सिकोतच राहिलं. देशाबाहेर राहणं म्हणजे काय, हे त्यांना पुरतं ठाऊक होतं. पत्राचा उपयोग झाला नाही. जानेवारी २००२ पासून व्हिसा लागू झाला.

पण स्पेननं एक दार उघडं ठेवलं. जुन्या वसाहतींतल्या माणसाला दोन वर्षांच्या कायदेशीर वास्तव्यानंतर नागरिकत्व मागता येतं; इतरांना त्यासाठी दहा वर्षं लागतात. गोव्यातून लिस्बनमार्गे युरोपात गेलेली कुटुंबं ज्यांच्या परिचयाची आहेत, त्यांना हा जुन्या साम्राज्याचा धागा लगेच ओळखू येईल. २००८ च्या मंदीत बांधकामं थांबली, हप्ते थकले, घरं जप्त झाली, तेव्हा हातात स्पॅनिश पासपोर्ट असलेली हजारो कोलंबियन कुटुंबं लंडनला निघून गेली. एलिफंट अँड कॅसलच्या खरेदीसंकुलात त्यांची खानावळ, केशकर्तनालय, शिवणाचं दुकान उभं राहिलं. पहाटे तीनला बस पकडून ती मोठ्या कंपन्यांची कार्यालयं झाडायला जाऊ लागली. ब्रेक्झिटनं ती वाट बंद केली आणि ते संकुलही २०२० मध्ये बंद झालं आणि नंतर पाडलं गेलं.

व्हिसाची पुढची गोष्ट थोडक्यात सांगते, कारण ती पूर्णपणे राजधान्यांच्या हातातली आहे. डिसेंबर २०१५ मध्ये, सरकार आणि फार्क यांची हवानातली बोलणी रंगात असताना, युरोपनं कोलंबियनांचा व्हिसा काढून टाकला. नोव्हेंबर २०२२ मध्ये ब्रिटननंही काढला आणि दोन वर्षांनी, आश्रय मागणारे वाढले म्हणून, पुन्हा लावला. हवानातल्या बोलण्यांतून शांततेचा करार झाला, आणि करार झालेला देश सुरक्षित मानला जातो. स्पेनमध्ये आश्रय मागणाऱ्यांत व्हेनेझुएलन आणि कोलंबियन अनेक वर्षं सर्वांत पुढे राहिले. व्हेनेझुएलनांना मानवतेच्या आधारावर राहण्याचा परवाना मिळतो; कोलंबियनांचे बहुतेक अर्ज फेटाळले जातात. काउकाच्या डोंगरातून किंवा बुएनाव्हेंतुरा बंदरातून जीव वाचवून आलेल्या माणसाला तुझ्या देशात तर आता शांतता आहे, असं ऐकावं लागतं. बोगोटात झालेली सही त्याच्या अंगावर अशी उलटते. तो करार चांगला होता यावर माझा ठाम विश्वास आहे. म्हणूनच त्याचा हा वापर मला सहन होत नाही.

आता व्हेनेझुएला. सत्तरच्या दशकात तेलाचे भाव चढले आणि काराकासला मजूर, मिस्त्री, मोलकरणी हव्या होत्या. कोलंबियातून माणसं पायी, बसनं, नदी ओलांडून गेली. सुलियाच्या शेतांत, ताचिराच्या बाजारांत, काराकासच्या टेकड्यांवरच्या वस्त्यांत त्यांची दुसरी पिढी जन्मली. त्यांतल्या पुष्कळांकडे कागद नव्हते. २००४ मध्ये अध्यक्ष उगो चावेस यांच्याविरुद्ध सार्वमत यायच्या आधी त्यांच्या सरकारनं ओळखपत्रांची मोठी मोहीम काढली आणि वर्षानुवर्षं थांबलेल्या कोलंबियनांना भराभर नागरिकत्व मिळालं. मतांसाठी केलं, अशी टीका झाली, आणि ती खरीच होती. पण चाळीस वर्षं विटा वाहिलेल्या माणसाला त्याचं ओळखपत्र मिळालं, हेही खरंच.

ऑगस्ट २०१५ मध्ये व्हेनेझुएलाचे अध्यक्ष निकोलास मादुरो यांनी सीमा बंद केली. सान आंतोनियो देल ताचिरातल्या नदीकाठच्या वस्त्यांत सैनिक शिरले. तपासलेल्या घरांवर 'आर' आणि पाडायच्या घरांवर 'डी' अशी अक्षरं रंगवली गेली. हजाराहून अधिक लोकांना हद्दपार केलं. आणखी वीस हजारांच्या आसपास माणसं घाबरून आपणहून निघाली. सिमोन बोलिव्हार पूल बंद होता, म्हणून ती ताचिरा नदीच्या गुडघाभर पाण्यातून आली. पाठीवर फ्रिज, गाद्या, दारं, कोंबड्यांचे पिंजरे. त्या वर्षी कोणाकडेही अर्ज न करता, कसलीही चौकशी न होता, आयुष्यभराचा संसार एका दुपारी नदीपार करावा लागलेली ही माणसं कोलंबियाचे नागरिक होती, आणि कोलंबियालाही त्यांची सवय नव्हती. कुकुता शहरात तंबू पडले. बोगोटानं अमेरिकी राष्ट्रांच्या संघटनेकडे परराष्ट्रमंत्र्यांची तातडीची बैठक मागितली. अठरा मतं हवी होती, सतरा पडली. शेवटी सप्टेंबरमध्ये इक्वाडोरमधल्या कितोला कोलंबियाचे अध्यक्ष सान्तोस आणि मादुरो भेटले. सीमा लगेच उघडली नाहीच.

मग ओघ उलटला. व्हेनेझुएलाची अर्थव्यवस्था कोसळली आणि त्याच पुलावरून व्हेनेझुएलन माणसं कोलंबियात येऊ लागली. आज ती अठ्ठावीस लाखांच्या आसपास आहेत. त्यांच्यात जुन्या कोलंबियन स्थलांतरितांची मुलं-नातवंडं किती, हे वेगळं काढणं अवघड आहे, कारण एकाच घरात आजी कोलंबियन, आई दोन्ही, नातू कागदोपत्री कुठलाच नाही, अशी स्थिती असते. ऑगस्ट २०१९ मध्ये सरकारनं कोलंबियात जन्मलेल्या अशा चोवीस हजारांहून अधिक बाळांना नागरिकत्व दिलं. फेब्रुवारी २०२१ मध्ये अध्यक्ष इव्हान दुके यांनी व्हेनेझुएलनांना दहा वर्षांचं तात्पुरतं संरक्षण जाहीर केलं. दुके उजव्या पक्षाचे, मादुरोंचे कट्टर विरोधक. तरी जगातल्या कितीतरी श्रीमंत सरकारांना जे जमलं नाही ते त्यांच्या सरकारनं केलं. राजकीय सोय त्यात होतीच. मला वाटतं, स्वतःची माणसं दुसऱ्याच्या दारात पन्नास वर्षं उभी राहिलेल्या देशाची आठवणही त्यात होती.

इक्वाडोरच्या बाजूला गेलेले बहुतेक निर्वासितच. १ मार्च २००८ ला कोलंबियाच्या विमानांनी इक्वाडोरच्या हद्दीत अंगोस्तुरा इथे फार्कच्या तळावर बाँब टाकले, राउल रेयेस हा नेता मारला गेला, कितोनं संबंध तोडले. तरीही पुढच्याच वर्षी इक्वाडोरच्या अधिकाऱ्यांची पथकं उत्तर सीमेवरच्या गावांत फिरली आणि एका दिवसात अर्ज निकालात काढत पंचवीस हजारांहून अधिक कोलंबियनांना निर्वासिताचा दर्जा दिला. मी ज्या थोड्या सरकारी मोहिमांकडे आदरानं बघते, त्यांत ही एक आहे.

निर्वासित आणि राजकीय परागंदा यांच्याविषयी कोलंबियात फार काळ कोणी बोललंच नाही. १९८५ मध्ये स्थापन झालेल्या उनियोन पात्रियोतिका या डाव्या पक्षाची माणसं वेचून मारली गेली. आंतर-अमेरिकी मानवी हक्क न्यायालयानं २०२३ च्या जानेवारीत जाहीर केलेल्या निकालात सहा हजारांहून अधिक पीडित मानले आणि राज्याला जबाबदार धरलं. या पक्षाच्या आइदा आव्हेया यांच्या गाडीवर १९९६ मध्ये भर बोगोटात रॉकेट डागलं गेलं. त्या वाचल्या, स्वित्झर्लंडला गेल्या, सतरा वर्षांनी परतल्या आणि २०१८ मध्ये सिनेटवर निवडून आल्या. त्यांच्यासारखी परत येऊ शकलेली माणसं थोडी. बाकीच्यांना देश सोडूनही सुरक्षित वाटलं नाही; सरकारची गुप्तचर संस्था युरोपात कोलंबियन कार्यकर्त्यांवर आणि त्यांच्या मित्रसंस्थांवर पाळत ठेवत होती, हे पुढे उघडकीला आलं. ती संस्था २०११ मध्ये बरखास्त झाली. ज्या राज्यापासून पळून आलो त्याच राज्याच्या वकिलातीत जाऊन मत द्या, असं या माणसाला कुठल्या तोंडानं सांगायचं?

२ ऑक्टोबर २०१६ च्या सार्वमतात याचा परिणाम दिसला. शांतता करार मान्य आहे का, हा प्रश्न होता. सव्वा कोटीहून अधिक लोकांनी मत दिलं आणि करार चोपन्न हजारांच्याही आतल्या फरकानं फेटाळला गेला. परदेशातल्या मतदारांत एकूण 'हो' म्हणणारे जास्त होते; मायामीत मात्र 'नाही'चं पारडं जड होतं. पण परदेशातल्या यादीत सहा लाखांच्या आसपास नावं होती आणि दर सात जणांत जेमतेम एकानं मत दिलं. जे पेटीपाशी गेलेच नाहीत, त्यांची संख्या निकालातल्या फरकाच्या कितीतरी पट होती. या आकड्यावर माझी अनेक सहकाऱ्यांशी वादावादी झाली आहे. ते म्हणतात, मतदान केंद्रं लांब, कामाचा दिवस बुडतो. हे सगळं आहेच. तरीसुद्धा मला त्यामागे जॅक्सन हाइट्समधल्या त्या बाई दिसतात.

म्हणून सत्य आयोगाचं काम मला संसदेतल्या जागेपेक्षा मोठं वाटतं. करारानंतर स्थापन झालेल्या या आयोगाचे अध्यक्ष येशूसंघी फादर फ्रान्सिस्को दे रू होते. परदेशातल्या कामाची धुरा कार्लोस मार्तिन बेरिस्ताइन या स्पॅनिश डॉक्टर-मानसतज्ज्ञांकडे होती. वीसहून अधिक देशांत कार्यकर्ते नेमले गेले, बरेचसे स्वतः परागंदा झालेले, आणि त्यांनी दोन हजारांवर लोकांच्या साक्षी घेतल्या. जून २०२२ मध्ये आलेल्या अंतिम अहवालाचा एक अख्खा खंड या देशाबाहेरच्या कोलंबियाविषयी आहे. दहा लाखांहून अधिक माणसं युद्धामुळे देश सोडून गेली असावीत, असा त्याचा अंदाज. सत्य आयोग इतर देशांतही झाले. पण हद्द ओलांडून गेलेल्यांचं म्हणणं इतक्या पद्धतशीरपणे फार थोड्यांनी ऐकून घेतलं. स्टॉकहोममध्ये, बार्सिलोनात, मॉन्ट्रियलमध्ये एका खोलीत बसलेली माणसं पहिल्यांदाच एकमेकांचं ऐकत होती. कोणी कोणाला माफ केलं असं मी म्हणणार नाही. शेजारचा माणूस कुठल्या गावाहून आला, हे मात्र कळलं.

वॉशिंग्टनविषयी लिहायला मी मुद्दाम शेवटी ठेवलं, कारण तिथे इतर सगळे धागे येऊन अडकतात. २००० साली क्लिंटन सरकारनं 'प्लॅन कोलंबिया'साठी १३० कोटी डॉलर मंजूर केले. त्यातला बहुतेक भाग हेलिकॉप्टरं आणि लष्करासाठी होता. तेव्हा कोलंबियाचे वॉशिंग्टनमधले राजदूत होते लुइस आल्बेर्तो मोरेनो. त्यांचे धाकटे बंधू बर्नी मोरेनो बोगोटात जन्मले, लहानपणी फ्लोरिडात आले आणि नोव्हेंबर २०२४ मध्ये ओहायोतून रिपब्लिकन सिनेटर म्हणून निवडून आले. त्याच निवडणुकीत अॅरिझोनातून डेमोक्रॅट रूबेन गायेगो जिंकले. त्यांची आई कोलंबियन. म्हणजे सिनेटच्या दोन्ही बाजूंना आज कोलंबियन रक्ताचा एकेक माणूस बसतो. मायामी, डोराल, वेस्टनमध्ये राहणारा सधन कोलंबियन गनिमांच्या अपहरणांना कंटाळून आलेला आहे, डाव्यांच्या नुसत्या नावानं त्याचा संताप होतो. फ्लोरिडाच्या निवडणुकीत म्हणून बोगोटाचं आणि काराकासचं नाव घेतलं जातं. क्वीन्समधला किंवा न्यू जर्सीतला कामगार वेगळ्या काळजीत असतो. कागद कधी होणार, हीच ती काळजी. देशात युद्ध ऐन भरात असतानाही अमेरिकेनं कोलंबियनांना तात्पुरत्या संरक्षणाचा दर्जा दिला नाही, हे त्याला पक्कं ठाऊक असतं.

२६ जानेवारी २०२५ ला, रविवारी, अध्यक्ष गुस्ताव्हो पेत्रो यांनी हद्दपार कोलंबियनांना घेऊन येणारी अमेरिकेची दोन लष्करी विमानं उतरू दिली नाहीत. माणसांना बेड्या घालून पाठवू नका, एवढी त्यांची मागणी होती, आणि ती रास्त होती. ट्रम्प यांनी २५ टक्के जकातीची, आठवड्यानं ५० टक्क्यांची, आणि व्हिसाबंदीची धमकी दिली. रात्र व्हायच्या आत तडजोड झाली. कोलंबियानं स्वतःच्या हवाई दलाची विमानं पाठवून आपली माणसं आणली. दुसऱ्या दिवशी बोगोटातल्या अमेरिकी वकिलातीबाहेर, मुलाखतीची तारीख मिळवायला महिनोन्महिने थांबलेली कुटुंबं रद्द झालेल्या भेटींची पत्रं घेऊन उभी होती. पेत्रो यांचं म्हणणं योग्य आणि त्यांची पद्धत घातक, असं माझं मत आहे. समाजमाध्यमावर पहाटे घेतलेल्या निर्णयाची किंमत मोजायची वेळ आली, तेव्हा तो रस्त्यावरचा माणूसच पुढे होता. त्याच वर्षी सप्टेंबरमध्ये तर अमेरिकेनं खुद्द पेत्रो यांचाच व्हिसा रद्द केला. आणि १ जानेवारी २०२६ पासून अमेरिकेतून रोखीनं पाठवलेल्या पैशावर एक टक्का कर आहे. तो भरतो कोण? ज्याच्याकडे बँकेचं खातं नाही, कारण कागद नाहीत, तोच.

परदेशस्थांची संसदेतली जागा एकच आहे. २०२२ च्या निवडणुकीत ती कार्मेन रामीरेस बोस्कान यांना मिळाली. त्या वायू या आदिवासी समाजाच्या, स्वित्झर्लंडमध्ये राहिलेल्या. त्यांच्या समाजाची वाळवंटी भूमी कोलंबिया आणि व्हेनेझुएला या दोन्हींत पसरलेली आहे. जवळपास पन्नास लाख माणसांना एक प्रतिनिधी, हे अपुरं आहेच. पण जागा वाढवण्याआधी दोन कामं व्हायला हवीत. एक, २०११ चा पीडितांचा कायदा २०३१ पर्यंत वाढवला आहे, तरी त्यातल्या मदतीच्या बहुतेक तरतुदी देशात असलेल्या माणसासाठी आखलेल्या आहेत; परदेशातल्या पीडिताला त्या मिळायला हव्यात. दुसरं, दोन सरकारं भांडली तरी वकिलातीचं रोजचं काम बंद पडणार नाही, अशी व्यवस्था हवी.

हे दुसरं मी उगाच म्हणत नाही. फेब्रुवारी २०१९ मध्ये काराकासनं बोगोटाशी संबंध तोडले, वकिलाती बंद झाल्या. २०२२ च्या निवडणुकीत त्यामुळे व्हेनेझुएलात मतदान झालंच नाही. जमेल त्यानं सीमेवर येऊन मत द्यावं, असं ठरलं. जन्मदाखला, पासपोर्ट, मृत्यूची नोंद, सगळंच तीन वर्षं अडकलं. १९६२ पासूनचा हक्क एका भांडणात बुडाला. ऑगस्ट २०२२ मध्ये पेत्रो आले, संबंध पूर्ववत झाले, २६ सप्टेंबरला मालाच्या गाड्यांसाठी पूल उघडला, वकिलातीही हळूहळू सुरू झाल्या.

 निवडणूक संसदेची असो वा अध्यक्षपदाची, परदेशातलं मतदान आठवडाभर चालतं, सोमवार ते रविवार. त्या आठवड्यात सगळे माद्रिद आणि मायामीचे आकडे बघतात. मी यापुढे आधी व्हेनेझुएलातल्या सान क्रिस्तोबाल आणि माराकाइबोचे बघणार आहे.